दिवा धरणारा हात

आमच्या मराठी टीकेला एक जुनी खोड आहे. जें चित्र पुष्कळांना आवडतें त्याच्याविषयीं लिहावयाचें नाहीं, आणि जें सणासुदीसाठीं काढलेलें असेल त्याचें तर नांवहि घ्यावयाचें नाहीं. अशा चित्रावर 'कॅलेंडरी' हा शिक्का मारला कीं टीकाकाराचें कर्तव्य संपलें. शिक्का मारणें सोपें काम आहे. टपालकचेरींतला कारकून तें दिवसभर करितो. पण पाकिटावरचें नांव वाचण्याची दक्षता तरी तो घेतो. आमच्या टीकेनें तीहि घेतलेली नाहीं. दरवर्षीं आश्विन संपत आला, रस्त्यावरच्या दुकानांतून आकाशकंदील लोंबूं लागले आणि शेजारच्या घरांतून भाजणीचा वास येऊं लागला, म्हणजे जीं चित्रें आमच्या डोळ्यांपुढें उभीं राहतात तीं बहुतेक याच हेटाळलेल्या वर्गांतलीं असतात. तीं ज्यांनीं काढलीं त्यांच्यापैकीं चौघांविषयीं आम्हांस येथें लिहावयाचें आहे. चौघांची योग्यता सारखी आहे असें आमचें म्हणणें नाहीं, आणि सणाच्या निमित्तानें तसें म्हणण्याची सक्तीहि आमच्यावर नाहीं.

या चित्रांचा मराठी घराशीं संबंध कसा जुळला हें आधीं पाहिलें पाहिजे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनीं आपल्या 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक १९०९ सालीं काढला, आणि करंज्या-अनारशांच्या जोडीला कथा, कविता व चित्रें यांचा फराळ मराठी घरांत येऊं लागला. बंगाल्यांतहि दुर्गापूजेला शारदीय अंक निघतात. तेव्हां सणाला साहित्याची जोड देणारे जगांत आपणच एकटे, ही बढाई मारण्याचें कारण नाहीं. परंतु एवढें खरें कीं साधारण स्थितीच्या घरांत नवें रंगीत चित्र असें येई तें बहुधा वर्षांतून एकदां, आणि तें या अंकाच्या मुखपृष्ठावरून. चित्रप्रदर्शनाला जाण्याची संवय आमच्या लोकांना फारशी नव्हती. आजहि आहे असें म्हणवत नाहीं. मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेच्या पायऱ्या चढलेलीं माणसें आमच्या ओळखींत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं. पण दलालांची एखादी नायिका किंवा मुळगांवकरांची एखादी लक्ष्मी पाहून 'ही कोठें तरी पाहिली आहे' असें न म्हणणारें माणूस आम्हांस क्वचितच भेटलें.

आमच्या लहानपणीं अंक वाचण्याचा क्रम ठरलेला असे. पहिला मान वडिलांचा, नंतर काकांचा. मग शेजारच्या बिऱ्हाडांतून मागणी येई. आणि आईच्या हातीं तो अंक भाऊबीज उलटून, फराळाचे डबे तळाला लागल्यावर पडे. वाचतां न येणाऱ्या मुलांचा हक्क तेवढा चित्रांवर. म्हणून जुन्या अंकांतल्या रंगीत पानांवर चिवड्याच्या तेलाचीं बोटें उमटलेलीं दिसतात. कलेची ही विटंबना, असें कोणी म्हणेल. आम्हांला ती चित्रकाराला मिळालेली पोंच वाटते. अंक आईकडे सर्वांत शेवटीं कां जाई, हा प्रश्न मात्र त्या वयांत आम्हांस पडला नाहीं. तो पुढें पडला, आणि पडला तो एका चित्रासमोर उभे असतां.

तें चित्र सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचें. इंग्रजींत त्याला 'ग्लो ऑफ होप' म्हणतात. हळदणकर सावंतवाडीचे, त्यांचा जन्म १८८२ चा. मुंबईच्या कलाशाळेंत शिकून त्यांनीं १९०८ सालीं स्वतःची चित्रशाळा काढली आणि विद्यार्थ्यांच्या पिढ्याच्या पिढ्या तयार केल्या. १९६८ सालीं ते वारले. हें चित्र १९४५-४६ चें, म्हणजे त्यांच्या साठीनंतरचें, आणि तें आहे म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांतल्या चित्रसंग्रहांत. चित्रांत पाहूं गेल्यास कांहींच घडत नाहीं. एक स्त्री हातांत दिवा घेऊन उभी आहे आणि दुसऱ्या हाताचा आडोसा तिनें ज्योतीला दिला आहे, इतकेंच. भोंवतीं अंधार आहे. दिव्याचा उजेड खालून तिच्या मुखावर आणि वस्त्राच्या घड्यांवर पडला आहे, आणि ज्योतीपुढें धरलेल्या बोटांतून तो लालसर होऊन पाझरतो आहे. मॉडेल म्हणून उभी राहिली ती चित्रकाराचीच कन्या. वयाची शंभरी ओलांडून २०१८ सालीं त्या वारल्या, तेव्हां वर्तमानपत्रांनीं हें चित्र पुन्हां छापलें, आणि तें कोणाचें हें पुष्कळांस तेव्हां प्रथमच कळलें.

प्रथमच कळलें असें आम्ही म्हणतों, कारण तोंवर तें राजा रविवर्म्याचें म्हणून चाललें होतें. आम्ही स्वतः तें पाहावयास गेलों असतां, शेजारीं उभ्या असलेल्या एका गृहस्थांनीं आपल्या मुलांना तें रविवर्म्याचें म्हणूनच समजावून सांगितलें, आणि तेंहि इतक्या प्रेमानें कीं मध्यें बोलणें आम्हांला जड गेलें. वास्तविक रविवर्मा १९०६ सालीं वारला. हें चित्र त्यानंतर सुमारें चाळीस वर्षांनीं झालेलें. शिवाय रविवर्म्याची कीर्ति तैलचित्रांवर आणि छापखान्यांतून निघालेल्या त्याच्या शिळाछापांवर उभारलेली, आणि हें चित्र आहे जलरंगांतलें. पण लोकांचा हिशेब वेगळा असतो. सुंदर स्त्री, जुन्या वळणाचा पोषाख आणि दिवा, एवढें एकत्र आलें कीं कर्ता रविवर्मा! मोठ्या नांवाला लहान नांवें चिकटून नाहींशीं होतात. मौखिक परंपरेंतल्या कितीतरी अभंगांचेंहि असेंच झालेलें आहे.

हा प्रकार आमच्याच लोकांच्या अज्ञानाचा, असें मानून कोणी कपाळाला हात लावूं नये. फ्रान्समधील लॉरेन प्रांतांत सतराव्या शतकांत जॉर्ज द ला तूर नांवाचा चित्रकार होऊन गेला. मेणबत्तीच्या उजेडांतली चित्रें ही त्याची खासियत. पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयांत त्याचें सुतार जोसेफाचें एक चित्र आहे. म्हातारा जोसेफ वांकून लांकडाला भोंक पाडीत आहे आणि बाळ येशू त्याला मेणबत्ती धरून उजेड दाखवीत आहे. त्या पोराचा तळवा ज्योतीआड आला आहे आणि बोटांच्या कडा पेटल्यासारख्या दिसताहेत. हा ला तूर १६५२ सालीं वारला आणि पुढें अडीचशें वर्षें लोक त्याला विसरून गेले. त्याचीं चित्रें होतीं, त्यांची वाखाणणीहि होत होती, पण ती इतरांच्या नांवानें. १९१५ सालीं हेर्मान फॉस या जर्मन पंडितानें त्याची ओळख पुन्हां पटविली. हळदणकरांनीं ला तूरचें चित्र पाहिलें होतें असें आम्हांस सुचवावयाचें नाहीं. मुलाला किंवा दिव्याला वाऱ्यापासून जपणाऱ्या हाताचें मोल कळण्यासाठीं पॅरिसला जावें लागत नाहीं.

आतां जलरंगाविषयीं. या चित्राचें मर्म आमच्या मतें त्याच्या माध्यमांत आहे, आणि त्याची जी स्तुति होते ती बहुतेक या मर्माला सोडून होते. तैलरंगाच्या चित्रकाराला उजेड पाहिजे असला तर तो पांढऱ्या रंगाचा जाड थर वर चढवितो. अंधार आधीं, उजेड मागून. पारदर्शक जलरंगाची रीत नेमकी उलटी. तेथें उजेड म्हणजे खालचा कोरा कागद. चित्रकार जो जो हात फिरवितो तो तो अंधार वाढवीत जातो. उजेड वाढविणें त्याच्या हातीं नसतें, राखून ठेवणें तेवढें असतें. एकदां कागद माखला कीं गेलेला उजेड पूर्णपणें परत येत नाहीं. अशा माध्यमांत बहुतेक सगळें चित्र काळोखांत बुडवावयाचें आणि वीतभर जागेंतलें तेज शेवटपर्यंत संभाळावयाचें, हें धाडस साठी उलटलेल्या, हात पक्का झालेल्या माणसानेंच करावें. त्या स्त्रीचा हात ज्योतीला जसा जपतो, तसाच चित्रकाराचा कुंचला कागदाला जपत आलेला आहे. म्हणून आम्हांस 'आशेचा किरण' वगैरे नांवें फिकीं वाटतात. चित्रांत आशा आहे कीं नाहीं तें ज्याचें त्यानें पाहावें; काळजी आहे, आणि ती पाहणाराला प्रत्यक्ष दिसते.

राखून ठेवण्यांतली ही कला दिवाळी ज्यांनीं जुन्या पद्धतीच्या घरांत काढली आहे त्यांना नवी वाटणार नाहीं. मातीच्या पणत्या लावण्यापूर्वीं कांहीं तास पाण्यांत भिजत घालतात. कोरी पणती तशीच लावली तर ती अर्धें तेल स्वतःच पिऊन टाकते. जलरंगाचा चित्रकारहि कागद आधीं भिजवून फळीवर ताणून घेतो, हा योगायोग नमूद करून आम्ही पुढें जातों. अनारशांचें तर विचारावयासच नको. तांदूळ तीन दिवस भिजवावयाचे, रोज पाणी बदलावयाचें, फडक्यावर पसरून दमट असतांनाच कुटावयाचे, चाळून गुळाशीं मळून ठेवावयाचे. आणि एवढें करून खसखशीवर थापलेला तो अनारसा तुपांत पडतांच विरघळला तर पुढच्या वर्षापर्यंत त्याची चर्चा. घरांतल्या चांगल्या तुपाचा, साखरेचा, बेदाण्याचा दोन-दोन महिने चाललेला सांठा त्या चार दिवसांत बाहेर निघे. रोज मिळणाऱ्या वस्तूला ती गोडी येत नाहीं. आज लाडू बारा महिने दुकानांत मिळतो आणि चांगलाहि असतो. आम्ही तो खातों, त्याची निंदा करणार नाहीं. पण तो खातांना कोणी दार लोटून 'एवढ्यांत नको, नैवेद्य व्हावयाचा आहे' असें म्हणत नाहीं, आणि लाडवाची अर्धी चव त्या वाक्यांत होती.

मुलांचें वैभव निराळेंच. विटा आणि दगड रचून, त्यावर गोणपाट टाकून, लाल मातीचा चिखल थापून किल्ला करावयाचा. हिरवळीसाठीं अळीव नाहीं तर मोहरी पेरावयाची आणि ती उगवेपर्यंत तासातासानें जाऊन पाहावयाचें. शिखरावर महाराज, पायथ्याशीं मावळे. आणि मावळ्यांच्या मानानें वाघ फार मोठा झाला म्हणून कोणाचें अडलें नाहीं. बांबूच्या कामट्या, पतंगी कागद आणि कणकेची खळ एवढ्या भांडवलावर आकाशकंदील होई. नरकचतुर्दशीच्या पहाटे थंडीनें कुडकुडत उटणें लावून घ्यावयाचें, पायाच्या अंगठ्यानें कारीट चिरडावयाचें, आणि त्याचा कडूपणा जिभेला लावतांना तोंड वांकडें करावयाचें; नरकासुराचा वध आम्हांस पुराणापेक्षां त्या तोंड वांकडें करण्यानें अधिक पटला. असो. या गोष्टींना 'साधे आनंद' म्हणण्याचा प्रघात आहे, आणि मुलांच्या बाजूनें पाहिलें तर तो बरोबरहि आहे. पण जो आनंद घेणाराला साधा, तो करणाराला किती पडतो, हा हिशेब आमच्या स्मरणरंजनांत सहसा मांडला जात नाहीं. पहाटे चारला आम्ही उठत होतों तेव्हां बंब आधींच पेटलेला असे.

या हिशेबाची जाणीव आमच्या शिष्ट वाङ्मयापेक्षां आमच्या कहाण्यांना अधिक होती. आषाढ अमावास्येला दिव्यांची पूजा करून सांगण्याची कहाणी पुष्कळांना आठवत असेल. राजाची सून घरांतला कांहीं पदार्थ खाते आणि आळ उंदरांवर घालते. उंदीर सूड म्हणून तिची चोळी पाहुण्याच्या अंथरुणांत नेऊन टाकतात, आणि ती घराबाहेर काढली जाते. ती गेल्यावर दिवे घांसणें, वाती करणें, तेल घालणें, अंवसेला पूजा करणें हें सगळें बंद पडतें. पुढें एका अंवसेच्या रात्रीं राजा रानांत झाडाखालीं उतरला असतां त्याला गांवांतले दिवे एकत्र जमून आपापल्या घरचें सुखदुःख बोलतांना ऐकूं येतात, आणि राजाच्या घरचा दिवा आपली कर्मकथा सांगतो. राजा चौकशी करितो, सुनेला सन्मानानें परत आणितो. न्याय देणारा राजा खरा, पण साक्ष दिव्यांची! रोज हात लावणारें माणूस कोण, हें घरांतल्या माणसांआधीं त्या मुक्या वस्तूंना कळलें. इतकी शहाणी कल्पना आमच्या कित्येक कादंबऱ्यांत सांपडावयाची नाहीं.

ही कहाणी सी. ए. किंकेड या सिव्हिलियन ग्रंथकारानें आपल्या 'डेक्कन नर्सरी टेल्स' या १९१४ च्या पुस्तकांत इंग्रजींत दिली आहे, आणि त्या पुस्तकाचे चित्रकार होते महादेव विश्वनाथ धुरंधर. आमच्या चौघांतले हे वयानें वडील. १८६७ सालीं कोल्हापुरांत जन्मले, कलाशाळेंत शिकले, तेथेंच शिकविलें, १९३० सालीं कांहीं काळ तिच्या संचालकपदावर बसणारे पहिले हिंदी गृहस्थ झाले, आणि १९४४ त वारले. 'कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षें' हें त्यांचें १९४० सालचें आत्मवृत्त आजहि वाचनीय आहे. धुरंधरांवर आक्षेप असा कीं त्यांनीं साहेबांच्या पुस्तकांसाठीं फार चित्रें काढलीं. काढलीं हें खरें. एडवर्ड्‌सच्या मुंबईवरील पुस्तकासाठीं १९१२ सालीं काढलीं, रॉथफील्डच्या हिंदी स्त्रियांवरील पुस्तकासाठीं १९२० सालीं काढलीं. पण बहुतेकांना बायका नुसत्या 'नेटिव्ह' दिसत असतां या माणसाला एकीची निऱ्या खोंचण्याची तऱ्हा दुसरीपेक्षां वेगळी दिसली. डोक्यावर ओझें असलेली बाई आणि नसलेली बाई यांच्या मानेंतला फरक दिसला. त्यांच्या रस्त्यावरच्या चित्रांतल्या स्त्रिया कोठें तरी कामाला निघालेल्या असतात. त्या उभ्या राहिल्या तरी पाय दुखल्यामुळें उभ्या राहिल्या आहेत असें वाटतें. या दृष्टीनें धुरंधर आणि कहाणी यांची गांठ पडली ही योग्य गोष्ट झाली. ती आमच्या भाषेंतल्या पुस्तकांत न पडतां इंग्रजी पुस्तकांत पडली याची मात्र खंत वाटते.

आतां दिवाळी अंकांच्या दोन सम्राटांकडे वळूं. दीनानाथ दलाल (१९१६-१९७१) मडगांवचे. रघुवीर मुळगांवकर (१९१८-१९७६) हेहि मूळचे गोमंतकीय. दोघांनीं मिळून मराठी मासिकाचें मुख बदलून टाकलें. दलालांनीं १९४५ सालीं स्वतःचें 'दीपावली' काढलें. हळदणकरांचें चित्रहि त्याच सुमाराचें, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. महायुद्ध नुकतें संपलें होतें, मुंबईंत धान्याचें रेशनिंग १९४३ पासून चाललें होतें, कागदावर नियंत्रण होतें. अशा वेळीं एकानें अंधारांत वीतभर उजेड जपला आणि दुसऱ्यानें रंगीत अंकाचा घाट घातला. यांत कार्यकारणभाव शोधण्याचा मोह आम्ही आवरतों. पण ज्या सालीं साखर तोलून मिळत होती त्या सालीं कोणाला तरी 'दीपावली' हें नांव सुचावें, यांत आमच्या लोकांच्या स्वभावाचें कांहींतरी आहेच.

मुळगांवकरांच्या चित्रांतला गोडवा नाकारण्याइतके आम्ही अरसिक नाहीं. त्यांच्या छटा एकींत एक अशा विरत जातात कीं रेषा कोठें संपली तें कळत नाहीं; देवादिकांच्या मुखावर त्यांनीं जी प्रसन्नता आणली तिनें हजारों देवघरें उजळलीं. परंतु त्यांची दीपधारिणी पाहिली कीं आम्हांस एक प्रश्न पडतो. या बाईनें हा दिवा स्वतः लावला का? तिच्या बोटांना तेल लागलेलें नाहीं, कपाळावर घामाचा थेंब नाहीं, केंसांत चुलीचा धूर बसलेला नाहीं. उजेड दिव्यांतून तिच्यावर पडण्याऐवजीं तिच्याच कांतींतून निघून दिव्यावर पडतो. कोणी म्हणेल, ती लक्ष्मी आहे, बाई नव्हे. हें उत्तर बिनतोड आहे. अडचण एवढीच कीं तीच कांति, तीच बोटें पुढल्या पानावरच्या कथेंतल्या मास्तरणीलाहि मिळालेलीं असतात. ज्यानें सर्वांना सारखी लक्ष्मी वाटली त्याच्या उदारपणाला नमस्कार करावा, आणि टीकाकारानें तेथेंच हात जोडून थांबावें हें बरें.

दलालांचें तसें नाहीं. त्यांच्याहि मुखपृष्ठांवर नटलेल्या, कमानीसारख्या झुकलेल्या नायिका आहेत, आणि त्या काळच्या तरुणांनीं त्या वह्यांत लपवून ठेवल्या तर त्यांचा दोष नव्हता. परंतु आमच्या मतें खरे दलाल पाहावे ते आंतल्या पानांत, कथांच्या माथ्यावरच्या काळ्या शाईच्या चित्रांत. तेथें रंगाची मोहिनी नसते, जागा थोडी असते, आणि चार ओळींत प्रसंग उभा करावयाचा असतो. उंबऱ्यावर बसलेली म्हातारी असो, बांक आलेल्या पाठीचा कारकून असो, कीं नदीकांठचें गोमंतकी घर असो. रेषा जाड होते, बारीक होते, मध्येंच तुटते, आणि जेथें तुटली तेथें कागदाचा पांढरा भाग उन्हासारखा लख्ख होतो. म्हणजे दलालहि शेवटीं राखलेल्या कागदाचेच कलावंत. मुखपृष्ठानें त्यांना लोकप्रिय केलें. आंतल्या पानांनीं त्यांना मोठें केलें, आणि मोठेपण मात्र कोणी मोजलें नाहीं, कारण कथा वाचून होतांच तीं पानें रद्दींत जात आणि मुखपृष्ठ तेवढें राही.

मुखपृष्ठ राही याचा अर्थ तें कापून घेत. हा विधि तुळशीच्या लग्नाच्या सुमारास होई. अंक सर्वांचा वाचून झालेला असे. मग त्यांतलें सर्वांत आवडलेलें चित्र कात्रीनें कापून, मागें पुठ्ठा लावून, जुन्या फोटोची चौकट रिकामी करून तींत बसवीत. मासिकाचें नांव वरच्या बाजूला असे, तें पहिलें जाई. रंगीत चित्र आंतलें असलें तर त्याचें शीर्षक आणि चित्रकाराचें नांव खालच्या बारीक ओळींत छापलेलें. चौकटींत नीट बसावें म्हणून तेंहि जाई. सही चित्राच्या अगदीं कोपऱ्यांत असली तर चौकटीचें लांकूड ती झांकून टाकी. अशा रीतीनें ज्या घरानें चित्रावर सर्वांत अधिक माया केली त्याच घरानें चित्रकाराला बाहेर ठेवलें; आणि कात्री धरणाराच्या मनांत तसें कांहींच नव्हतें.

आमच्या एका आप्तांच्या घरीं असें एक चित्र माजघराच्या भिंतीवर अद्याप आहे. रंग विटलेले, काचेच्या आंत एका बाजूनें ओल चढलेली. तें कोणाचें म्हणून विचारलें तर घरांतल्या आजीबाईंना सांगतां येत नाहीं. पण तें ज्या दिवाळीचें, त्या दिवाळीला चकल्या मऊ पडल्या होत्या, भाजणींत डाळ कमी झाली होती, आणि सगळा घाणा जावांनीं मिळून पुन्हां तळून काढला, हें त्या आजहि सांगतात. मग पदरानें काच पुसतात, आणि खुंटीवर चित्र तिरपें झालें असेल तर सरळ करितात.